कंटेनर इमेजमधील थर
कंटेनर इमेजमधील थर : संगणकाची एखादी आज्ञावली व ती चालण्यास आवश्यक असलेल्या लायब्ररी, साधने, मांडणीच्या फायली इ. सर्व सामग्री एकत्र बांधून तयार केलेल्या संचास कंटेनर इमेज म्हणतात. हा संच एकसंध नसून एकावर एक रचलेल्या अनेक थरांचा बनलेला असतो. प्रत्येक थरात आधीच्या थरांच्या तुलनेने झालेल्या फरकाचीच नोंद असते. म्हणजे कोणत्या फायली नव्याने आल्या, कोणत्या बदलल्या व कोणत्या काढून टाकल्या एवढेच त्यात असते. एकदा तयार झालेला थर पुढे कधीही बदलत नाही. थरांच्या या अपरिवर्तनीयतेमुळे एकच थर अनेक इमेजांना सामाईकपणे वापरता येतो व साठवणुकीची जागा आणि वहनाचा काळ वाचतो; परंतु तिच्यामुळेच खालच्या थरात गेलेली निरुपयोगी वा गोपनीय सामग्री वरून पुसता येत नाही. थरांची संख्या व आकारमान आटोक्यात ठेवण्याच्या पद्धतींचा इतिहास हा मुख्यतः या दोन परिणामांतील ताणाचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : या रचनेमागे दोन स्वतंत्र कल्पना आहेत. पहिली कल्पना विलगीकरणाची. युनिक्स या परिचालन प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) ‘सीएचरूट’ ही सोय आढळते. तिच्या योगे एखाद्या प्रक्रियेला फायलींच्या वृक्षाची एक शाखाच संपूर्ण वृक्ष म्हणून दाखविता येते. फ्रीबीएसडी प्रणालीतील ‘जेल’ (२०००), सोलॅरिसमधील ‘झोन’ व लिनक्समधील ‘एलएक्ससी’ (२००८) हे या कल्पनेचे पुढील विकास होत.

दुसरी कल्पना अनेक निर्देशिका एकमेकींवर ठेवून त्यांचे एकच चित्र दाखविण्याची. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८६ च्या सुमारास ‘ट्रान्सल्यूसंट फाइल सर्व्हिस’ ही व्यवस्था आपल्या प्रणालीत आणली. तीत खालची निर्देशिका केवळ वाचनापुरती राही व सर्व बदल वरच्या निर्देशिकेत साठविले जात. बेल प्रयोगशाळेतील ‘प्लॅन ९’ या प्रणालीतही निर्देशिकांच्या संयोगाची सोय होती. जे. एस. पेंड्री व एम. के. मॅक्‌क्यूसिक यांनी ४.४ बीएसडी प्रणालीतील अशाच व्यवस्थेचे वर्णन १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठात एरेझ झाडोक यांच्या मार्गदर्शनाखाली लिनक्ससाठी ‘युनियनएफएस’ तयार झाली आणि २००६ मध्ये जुंजिरो ओकाजिमा यांनी तिच्यापासून स्फूर्ती घेऊन ‘एयूएफएस’ ही फाइल व्यवस्था रचली. सीडीवरून थेट चालणाऱ्या लिनक्स प्रणालींना या व्यवस्थांचा मोठाच उपयोग झाला. सीडीवर लिहिता येत नसल्याने बदल संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतील वरच्या थरात ठेवले जात आणि वापरणाऱ्याला मात्र सर्व फायली बदलता येण्याजोग्या भासत.

या व्यवस्थांत एक अडचण आरंभापासूनच होती. खालचा थर बदलता येत नसेल, तर त्यातील फाइल काढून टाकणार कशी? यावर उपाय म्हणून वरच्या थरात त्या फायलीच्या नावाचे एक लोपचिन्ह ठेवण्याची पद्धत पडली. हे चिन्ह दिसताच व्यवस्था खालची फाइल दाखविण्याचे थांबविते. फाइल मात्र आपल्या जागी तशीच राहते. त्याचप्रमाणे खालच्या थरातील फायलीत किंचितही बदल करावयाचा झाल्यास ती संपूर्ण फाइल प्रथम वरच्या थरात उतरवून घ्यावी लागते. पुढे इमेजांच्या आकारमानाविषयी जे प्रश्न उभे राहिले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या दोन नियमांत आहे.

डॉकरचा उदय : वरील दोन्ही कल्पना सर्वसामान्य आज्ञावलीकारांच्या हाती एकत्रितपणे दिल्या त्या ‘डॉकर’ने. सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील सांता क्लारा येथे भरलेल्या पायथन भाषेच्या परिषदेत एका अल्पकालीन भाषणात हे साधन दाखविले. ते ज्या ‘डॉटक्लाउड’ कंपनीचे प्रमुख होते, तिने त्याच वर्षी डॉकर हे नाव धारण केले. आरंभीच्या डॉकरमध्ये विलगीकरणासाठी एलएक्ससी व थरांसाठी एयूएफएस यांचा वापर केला होता.

इमेज बांधण्यासाठी ‘डॉकरफाइल’ नावाची साध्या मजकुराची फाइल लिहावी लागते. तीत प्रथम पायाभूत इमेजेचे नाव देऊन पुढे एकेक आज्ञा क्रमाने लिहितात. फायली आत घ्या, अमुक आज्ञावली चालवा, अमुक निर्देशिकेत काम करा अशा स्वरूपाच्या या आज्ञा असतात. प्रत्येक आज्ञा पार पडली, की तिच्यामुळे झालेला फरक एक थर म्हणून बंदिस्त होतो. पुढच्या वेळी तीच आज्ञा त्याच पायावर आढळली, तर ती पुन्हा न चालविता पूर्वीचाच थर घेतला जातो. या सोयीस बांधणीची कॅश म्हणतात. मात्र एखादी आज्ञा बदलली, की तिच्यानंतरच्या सर्व आज्ञा पुन्हा चालवाव्या लागतात.

यावरून आज्ञांच्या क्रमास महत्त्व आले. समजा, एखाद्या पायथन प्रकल्पाचा सर्व मजकूर प्रथम आत घेतला व नंतर त्याला लागणारी पॅकेजे बसविली, तर मजकुरातील एक ओळ बदलली तरी सर्व पॅकेजे पुन्हा उतरवून घ्यावी लागतात. उलट पॅकेजांची यादी असलेली लहान फाइल आधी घेऊन पॅकेजे बसविली आणि प्रकल्पाचा मजकूर शेवटी घेतला, तर दैनंदिन बदलांत फक्त शेवटचा लहान थर नव्याने बनतो. क्वचित बदलणारे खाली व वारंवार बदलणारे वर हा नियम यातून रूढ झाला.

बेचाळीस थरांची मर्यादा : थर कमी करण्याची पहिली निकड तांत्रिक होती. लिनक्समध्ये फाइल व्यवस्था जोडताना तिची जी माहिती कर्नेलला द्यावी लागते, तिला स्मृतीच्या एका पृष्ठाची म्हणजे सामान्यतः ४,०९६ बाइटांची मर्यादा असते. एयूएफएसला प्रत्येक थराचा पूर्ण मार्ग या माहितीत द्यावा लागे. त्यामुळे आरंभीच्या डॉकरमध्ये इमेजेचे थर ४२ च्या पुढे जाऊ शकत नसत. पायाभूत इमेजेवर दुसरी, तिच्यावर तिसरी अशी रचना करणाऱ्यांना ही मर्यादा लवकरच जाणवू लागली. पुढे थर जोडण्याची रीत बदलून ती १२७ वर नेण्यात आली.

तथापि तोपर्यंत एक सवय जडली होती. अनेक आज्ञा एकाच ओळीत साखळीने गुंफून त्यांचा एकच थर करावयाचा, ही ती सवय होय. डॉकरच्या अधिकृत मार्गदर्शनातही थरांची संख्या कमीत कमी ठेवावी असा सल्ला अनेक वर्षे दिलेला होता. या साखळीचा खरा लाभ मात्र संख्येत नसून आकारमानात होता व तो समजून घेण्यासाठी पुसलेल्या फायलींचे काय होते हे पाहावे लागते.

पुसलेल्या फायलींचा प्रश्न : समजा, एका आज्ञेने ३०० मेगाबाइटांचा कंपायलर बसविला, दुसरीने त्याच्या साहाय्याने २० मेगाबाइटांची आज्ञावली तयार केली व तिसरीने कंपायलर काढून टाकला. कंटेनर चालविल्यावर त्यात कंपायलर दिसत नाही. परंतु इमेजेचे आकारमान पायाभूत थरांहून ३२० मेगाबाइटांनी वाढलेलेच राहते. तिसऱ्या आज्ञेने केवळ लोपचिन्हांची भर पडते. हीच तीन कामे एका आज्ञेत केली, तर थर बंदिस्त होतेवेळी कंपायलर अस्तित्वातच नसतो आणि वाढ २० मेगाबाइटांची होते. डेबियन व उबुंटू या प्रणालींवरील इमेजांत पॅकेजे बसविणे आणि त्यासाठी उतरविलेल्या सूची पुसणे ही कामे एकाच आज्ञेत करण्याची रीत याच कारणाने पडली. फायलींची मालकी वा परवानग्या बदलणेही याच प्रकारे महागात पडते. २०० मेगाबाइटांच्या निर्देशिकेची मालकी वेगळ्या आज्ञेने बदलल्यास आशय तोच असूनही त्या सर्व फायली नव्या थरात पुन्हा साठविल्या जातात.

जागेच्या अपव्ययापेक्षा गोपनीयतेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. खाजगी भांडारातून मजकूर आणण्यासाठी एखादी गुप्त किल्ली इमेजेत घेतली व काम होताच ती पुढच्या आज्ञेने पुसली, तर पुसणाऱ्याला ती नाहीशी झालेली दिसते. परंतु ज्याच्या हाती इमेज जाते, त्याला खालचा थर सोडवून ती किल्ली वाचता येते. २०२३ मध्ये जर्मनीतील आखेन येथील आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाच्या संशोधकांनी डॉकर हब व इतर रजिस्ट्रींवरील ३,३७,१७१ इमेजांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८.५ टक्के इमेजांत गोपनीय माहिती आढळली. तीत ५२,१०७ खाजगी किल्ल्या होत्या. अशी किल्ली एकदा बाहेर गेली, की इमेज नव्याने बांधणे पुरेसे होत नाही. किल्लीच रद्द करावी लागते.

पायाची निवड : आकारमान कमी करण्याचा दुसरा मार्ग पायाभूत इमेजेच्या निवडीचा. अल्पाइन लिनक्स या वितरणाची इमेज सु. ५ मेगाबाइटांची असल्याने २०१५–१६ पासून तिचा प्रसार झपाट्याने झाला. तिच्यात सी भाषेची नेहमीची जीलिबसी ही लायब्ररी नसून ‘मसल’ ही लहान लायब्ररी असते. परिणामी जीलिबसीसाठी तयार केलेल्या आज्ञावली तीत सरळ चालत नाहीत. पायथनची अनेक पॅकेजे दीर्घकाळ तयार स्वरूपात मिळत नसल्याने ती तेथेच संकलित करावी लागत व त्यासाठी पुन्हा कंपायलर आत घ्यावा लागे. अशा वेळी पायात वाचलेली जागा वरच्या थरांत खर्च होई. गूगल कंपनीने २०१७ मध्ये पुढे आणलेल्या ‘डिस्ट्रोलेस’ इमेजांत शेल व पॅकेज-व्यवस्थापकही वगळले. त्यामुळे आकारमान घटले आणि आक्रमकाच्या हाती पडू शकणारी साधनेही कमी झाली. मात्र चालू कंटेनरच्या आत शिरून दोष शोधणे अवघड झाले.

बांधणीचे टप्पे : ज्या साधनांनी आज्ञावली तयार होते, ती साधने चालणाऱ्या इमेजेत नसावीत, हे तत्त्व लवकरच मान्य झाले होते. त्यासाठी आरंभी दोन डॉकरफायली लिहीत. पहिलीने बांधणीची मोठी इमेज तयार करावयाची, तिच्यातील निष्पन्न फाइल बाहेर काढावयाची आणि दुसरीने ती लहान इमेजेत घालावयाची. हा सर्व व्यवहार एका शेल-लिपीने जुळवावा लागे व दोन्ही फायली एकमेकींशी सुसंगत ठेवणे कष्टाचे होई. जानेवारी २०१७ मधील १.१३ या आवृत्तीत सर्व नवे थर दाबून त्यांचा एक थर करण्याची सोय प्रायोगिक म्हणून देण्यात आली. तिच्यामुळे पुसलेली सामग्री खरोखरच नाहीशी होई. परंतु इतर इमेजांशी थर सामाईक ठेवण्याचा लाभही त्याबरोबर जाई.

मे २०१७ मधील १७.०५ या आवृत्तीत आलेल्या बहुटप्पी बांधणीने हा पेच बऱ्याच अंशी सुटला. एकाच डॉकरफायलीत अनेक पायाभूत इमेजा घेता येऊ लागल्या व एका टप्प्यातील निवडक फायली दुसऱ्यात नेता येऊ लागल्या. अंतिम इमेजेत फक्त शेवटच्या टप्प्याचे थर राहतात. गो भाषेतील स्वयंपूर्ण आज्ञावली तर पूर्णपणे रिकाम्या पायावरही ठेवता येते. याचा मोठा परिणाम असा, की बांधणीच्या टप्प्यात थर मोजण्याची आवश्यकता उरली नाही. तेथे आज्ञा सुट्या व वाचनीय ठेवता आल्या आणि कॅशचा लाभही पुरेपूर मिळू लागला.

थरांची ओळख व प्रमाणीकरण : आरंभीच्या डॉकरमध्ये थराची ओळख यादृच्छिकपणे ठरविली जाई व प्रत्येक आज्ञेमागे, मग ती केवळ एखादे चल निश्चित करणारी का असेना, एक थर मोजला जाई. फेब्रुवारी २०१६ मधील १.१० या आवृत्तीपासून थराची ओळख त्याच्या आशयावरून एसएचए-२५६ पद्धतीने काढण्यात येऊ लागली. तेव्हापासून फायलींत बदल करणाऱ्या आज्ञांमुळेच खरा थर बनतो; इतर आज्ञांची नोंद फक्त इमेजेच्या इतिहासात होते. आशय समान तर ओळख समान, या नियमामुळे प्रत तपासून पाहणे व सामाईक थर ओळखणे विश्वसनीय झाले.

जून २०१५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ या संघटनेने जुलै २०१७ मध्ये इमेजेचे १.० हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यानुसार थर म्हणजे फरकाच्या फायलींचा टार पद्धतीचा गठ्ठा होय. त्यातील लोपचिन्हासाठी एयूएफएसमधील नावांची धाटणीच स्वीकारण्यात आली. खुद्द एयूएफएसला लिनक्सच्या मुख्य कर्नेलमध्ये कधीच स्थान मिळाले नाही. मिक्लोस सेरेडी यांची ‘ओव्हरलेएफएस’ ही व्यवस्था डिसेंबर २०१४ मधील ३.१८ या कर्नेलमध्ये समाविष्ट झाली व पुढे तीच रूढ झाली. डॉकरने २०२३ मध्ये एयूएफएसचा आधार काढून टाकला. तिची लोपचिन्हे मात्र प्रमाणात टिकून आहेत.

अलीकडील पद्धती : बांधणीचे यंत्रच नव्याने रचण्याचे काम ‘बिल्डकिट’ या प्रकल्पाने केले. ते डॉकरच्या १८.०९ या आवृत्तीत (नोव्हेंबर २०१८) उपलब्ध झाले व फेब्रुवारी २०२३ मधील २३.० पासून लिनक्सवर मूळचे साधन ठरले. डॉकरफायलीतील आज्ञांचा परस्परसंबंध पाहून ते अनावश्यक टप्पे वगळते व स्वतंत्र टप्पे समांतरपणे बांधते. गोपनीय किल्ली एखाद्या आज्ञेपुरती तात्पुरती जोडण्याची व पॅकेजांची कॅश थराबाहेर ठेवण्याची सोयही त्यात आहे. थरात गेलेले पुसण्याऐवजी ते थरात जाऊच न देणे, हे या सोयींमागील सूत्र होय.

याच काळात थर वाढवून लाभ मिळविण्याचे प्रयत्नही झाले. जावा भाषेसाठी गूगलने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘जिब’ हे साधन परावलंबी लायब्ररी, इतर सामग्री व प्रत्यक्ष आज्ञावली यांचे वेगवेगळे थर करते. पूर्वी या सर्वांची एकच मोठी फाइल होत असल्याने एका ओळीच्या बदलासाठी ती संपूर्ण पाठवावी लागे. शिवाय डॉकर मूळ मांडणीत एका वेळी तीन थर उतरवून घेतो. सर्व सामग्री एकाच मोठ्या थरात असल्यास या समांतरतेचा उपयोग होत नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील टायलर हार्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की कंटेनर सुरू होण्यास लागणाऱ्या काळापैकी ७६ टक्के काळ इमेज उतरवून घेण्यात जातो. परंतु उतरविलेल्या सामग्रीपैकी केवळ ६.४ टक्केच तेव्हा वाचली जाते. यातून थर पूर्ण येण्याची वाट न पाहता आवश्यक त्या फायली आधी आणण्याच्या पद्धती विकसित झाल्या.

मूल्यमापन : थरांची संख्या हे इमेजेच्या गुणवत्तेचे माप नव्हे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. बेचाळीसच्या मर्यादेच्या काळात संख्येला महत्त्व होते. ती मर्यादा सरल्यानंतरही सल्ला मात्र दीर्घकाळ टिकला. शंभर लहान व सुव्यवस्थित थरांची इमेज एका अवाढव्य थराच्या इमेजेपेक्षा अधिक काटकसरीची असू शकते. उलट दहाच थरांच्या इमेजेत पुसलेला कंपायलर व विसरलेली किल्ली दडलेली असू शकते. बदलांच्या वारंवारतेनुसार थरांची विभागणी, बांधणीची साधने व चालणारी आज्ञावली यांची फारकत आणि गोपनीय सामग्रीस प्रथमपासून मज्जाव, या तीन गोष्टींवर इमेजेचे आकारमान, वेग व सुरक्षितता मुख्यतः अवलंबून असते. लोपचिन्ह फाइल झाकते, नष्ट करीत नाही, हा १९८० च्या दशकातील संयुक्त फाइल व्यवस्थांपासून चालत आलेला नियम प्रमाणभूत इमेजेलाही तसाच लागू आहे.